धमालनगरीच्या शाखा

आप्पांनी वेबसाईटच्या रंगीत प्रिंट काढून आणल्या होत्या. नुसत्या काढल्या नव्हत्या, प्रत्येक पान लॅमिनेट करून आणलं होतं. जेवणाच्या टेबलावरची ताटं बाजूला सारून त्यांनी ती पानं एकाशेजारी एक मांडली, चष्मा शर्टाच्या टोकाला पुसला आणि मला म्हणाले, “वाच. मोठ्यानं वाच, सवितालाही ऐकू दे.”

सविता म्हणजे माझी वहिनी. दादा रेल्वेत गार्ड, त्यामुळे घरी कमी आणि लाइनवर जास्त. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. घर वहिनीच चालवायची. ती ओट्याशी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापत होती.

मी वाचलं. “धमालनगरी एंटरटेन्मेंट. महाराष्ट्राचा लाडका मनोरंजन समूह. भव्य मंच, नामवंत कलाकार, अविस्मरणीय क्षण. आमच्या शाखा: पुणे, नाशिक, नागपूर, दुबई.”

“दुबई,” आप्पा म्हणाले.

“दुबईला कोण जातं?” वहिनीनं भाकरी उलटत विचारलं.

“कंपनी जाते.”

ही कंपनी ज्याची, तो हर्षल नेहेते आठवड्यापूर्वी मला बघून गेला होता. स्थळ मुरलीमामांनी आणलेलं. मुलगा यावलचा, करमणुकीचे कार्यक्रम करतो, एवढंच मामा आधी म्हणाले होते आणि आप्पांनी तोंड वाकडं केलं होतं. “म्हणजे वाजवतो का?” आप्पांची सगळी नोकरी भुसावळला रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये गेली. जावई नोकरीवालाच हवा, शक्यतो रेल्वेतला, हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. मग मामांनी चिठ्ठीवर वेबसाईटचा पत्ता लिहून दिला. आप्पा स्टेशनरोडच्या सायबर कॅफेत गेले आणि परत आले ते वेगळाच माणूस होऊन. तेव्हापासून ते रोज तिथे जात होते. पाहुण्यांना पानं दाखवत होते. भाजी आणायला जातानाही पिशवीत पानं असायची.

“आता तू शेवटचं बघून घे,” ते मला म्हणाले. “तुझंच काम आहे ते. मग रविवारी होकार कळवू.”

मी तेव्हा एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. वय सत्तावीस. आमच्याकडे त्या वयाच्या मुलीचा विषय निघाला की बायका आवाज खाली आणायच्या. पण मला हर्षल आवडला नव्हता असं नाही. बघायला आला तेव्हा आम्हाला दोघांना गॅलरीत बोलायला पाठवलं होतं. त्यानं बराच वेळ कठड्याकडे बघून मला एकच प्रश्न विचारला होता.

“तुम्हाला गोंगाटाचा त्रास होतो का?”

“का?”

“आमच्या घरात स्पीकर ठेवलेले असतात. चालायला वाट काढावी लागते. आईला सवय झालीये. तुम्हाला आधी सांगितलेलं बरं.”

घरात स्पीकरमधून वाट काढणारा मुलगा आणि दुबईची शाखा, हे दोन्ही माझ्या डोक्यात एका जागी बसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारची बॅच सुटल्यावर मी क्लासमध्येच बसले आणि साईट उघडली. उघडताच सनई वाजायला लागली. माऊस हलवला की त्याच्या मागे चांदण्या पडायच्या. मी आवाज बंद केला आणि मुलांचे पेपर तपासावेत तशी एकेक पान बघायला बसले.

एका भव्य कार्यक्रमाचा फोटो होता. हजारो प्रेक्षक, खाली लिहिलेलं ‘नंदुरबार’. पहिल्या रांगेतले सगळे प्रेक्षक गोरे होते, अर्ध्यांचे केस लाल. समाधानी ग्राहकांच्या पानावर पुण्याचे एक गृहस्थ आणि नागपूरच्या एक बाई अगदी एकाच शब्दांत खूश झाले होते आणि दोघांनीही ‘अविस्मरणीय’ एकाच पद्धतीनं चुकवलं होतं. आमची टीम म्हणून कानाला हेडफोन लावून हसणाऱ्या माणसांची रांग होती. त्यातली एक बाई मला ओळखीची वाटली. आठवलं, आमच्या क्लासशेजारच्या दातांच्या दवाखान्याच्या बोर्डावर तीच हसत होती. चारही शाखांना पत्ते नव्हते, आणि फोननंबर चौघींचा मिळून एकच होता. पानाच्या तळाशी किती लोकांनी साईट बघितली त्याचा आकडा फिरत होता. मी पान पुन्हा उघडलं, आकडा एकानं वाढला. परत उघडलं, परत एकानं. मला शंका आली की त्यातली बरीचशी माणसं म्हणजे आमचे आप्पाच असावेत.

मी साईट बंद करणारच होते. मग सगळ्यात खाली, कोणाचं लक्ष जाणार नाही अशा जागी, ‘इतर’ असं लिहिलेलं दिसलं. तिथे पाच-सहा फोटो होते. मोबाइलवर काढलेले, धुरकट, एक तर आडवाच. कुठल्यातरी शाळेच्या ओसरीवर अस्वलाचा वेष घातलेलं कोणीतरी उभं होतं आणि भोवती मुलं. एका फोटोत अस्वल खाली पडलं होतं, मुलं त्याला ओढून उठवत होती. अस्वलाच्या पोटावरची शिवण उसवलेली दिसत होती. पुढच्या फोटोत तीच शिवण वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं घातलेली होती.

असे फोटो कोणी दुसरीकडून उचलून आणत नाही. एवढी एक गोष्ट खरी आहे, हे मला कळलं. बाकीचं काय, ते कळत नव्हतं.

मी पुण्याच्या शाखेला फोन लावला.

बऱ्याच वेळानं एका बाईनं उचलला. मागे शिलाई मशीन चालू होतं.

“धमालनगरी का?”

“हो, बोला.”

“पुण्याची शाखा ना?”

मशीन थांबलं. “नाही बाई, हे यावल आहे. शाखाबिखा काही नाही, मी हर्षलची आई. तुम्हाला कार्यक्रम पाहिजे का?”

“मला आधी एखादा बघायचा होता.”

“मग उद्या सावद्याला जा. तिथल्या मूकबधिर शाळेत आहे, सकाळी. तो असेल तिथे. तुम्ही कुठून बोलताय?”

भुसावळहून, एवढंच सांगून मी फोन ठेवला.

वहिनीला मी सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “आप्पांना ब्लाउज शिवायला टाकायचेत म्हणून सांगते. सकाळच्या बसनं जाऊ.”

थंडीचे दिवस होते. सावद्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा, त्यांच्यावर धुकं. वहिनी शाल गुंडाळून बसली होती. “फसवा निघाला तर काय करशील?” तिनं विचारलं.

“तशीच परत येईन.”

“आणि चांगला निघाला तर?”

“तर जास्त अडचण आहे,” मी म्हटलं. आणि ते खरंच होतं.

शाळा छोटी होती. पत्र्याचा हॉल, एका टोकाला फळ्यांचं स्टेज. आम्ही मागच्या दारातून आत गेलो तेव्हा कोणाचं लक्ष नव्हतं. मला आधी समजेचना की कार्यक्रम चालू कसा झालाय. मुलं खुर्च्यांवर नव्हती. सगळी स्टेजवरच बसली होती, चपला काढून, तळहात फळ्यांवर टेकवून. दोन मोठे स्पीकर फळ्यांवर तोंडावर पाडून ठेवले होते. कोपऱ्यात एक जाडसर मुलगा यंत्रापाशी होता. तो हर्षलचा मित्र गिरीश, हे नंतर कळलं. त्यानं बटण फिरवलं आणि ढोल वाजला. आमच्या छातीत धडधडलं, वहिनीनं कानावर हात ठेवले. मुलांच्या कानांना त्याचं काही नव्हतं. पण सगळ्यांचे चेहरे एकदम वर झाले. त्यांना तो हातांतून कळला होता.

मग अस्वल आलं. ठेक्यावर चालायला लागलं आणि लगेच चुकलं. मुलांनी फळ्यांवर थापा मारून त्याला ठेका दाखवला. अस्वलानं कानाशी पंजा नेला, मान हलवली, पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा चुकलं. एक मुलगा उठला, अस्वलाचा पाय धरून त्यानं बरोबर जागी आपटला. गिरीश ठेका बदलायचा, अस्वल गोंधळायचं, मुलं त्याला शिकवायची. शिकवून शिकवून ती घामाघूम झाली होती. असा कार्यक्रम मी कधी बघितला नव्हता. त्यात बघणारी मुलं हुशार होती आणि करणारा मठ्ठ.

एक लहान मुलगी मात्र बाईंच्या पदरामागे दडून रडत होती. अस्वल जवळ आलं की किंचाळायची. हर्षल थांबला. खाली बसून त्यानं अस्वलाचं डोकं काढलं. केस कपाळाला चिकटलेले, चेहरा लाल. ते डोकं उलटं करून त्यानं तिच्यापुढे ठेवलं आणि आत हात घालून दाखवला, की बघ, पोकळ आहे. ती बराच वेळ लांबूनच बघत राहिली. मग तिनं एक बोट आत घातलं, मग हात. शेवटी तिनं ते दोन्ही हातांनी उचललं आणि सरळ बाईंच्या डोक्यावर घातलं. अस्वलाच्या डोक्याच्या बाईंनी खुणेच्या भाषेत काहीतरी म्हटलं. काय म्हटलं ते आम्हाला कळलं नाही, पण सगळा हॉल हसायला लागला. वहिनी डोळे पुसत होती, आणि तेवढ्यात हर्षलनं मला बघितलं.

शाळेच्या फाटकाबाहेर चहाची टपरी होती. तिथल्या बाकावर तो आमच्यासमोर बसला, अंगात अजून अस्वलाचे पाय.

“तुम्ही इथे कशा?”

“पुण्याच्या शाखेला फोन केला होता. आईंनी उचलला.”

त्यानं मान खाली घातली. “मग कळलंच असेल.”

“दुबई कुठून आली?”

“गिरीशनं कुठल्यातरी मोठ्या कंपनीची साईट बघितली आणि सगळी उचलली. त्यांच्या चार शाखा होत्या, त्या तशाच ठेवल्या. म्हणाला, कमी केल्या तर ओळ वाकडी दिसते.”

“तुम्ही बघितली नाही?”

“बघितली की. पहिल्या दिवशी तर फार छान वाटलं. म्हटलं, होईल हळूहळू तेवढं. मग लोक शाखांबद्दल विचारायला लागले, तेव्हापासून बघायचंच सोडून दिलं.”

“आप्पांनी ती लॅमिनेट केलीये.”

त्यानं कप खाली ठेवला. “काय केलीये?”

“लॅमिनेट. सगळ्या नात्यात दाखवून झाली.”

त्यानं अस्वलाच्या पायांवरची धूळ झटकली. मग म्हणाला, “तुमच्याकडे आलो त्या दिवशी मी सांगणार होतो. पण तुमच्या वडिलांनी सगळ्यांसमोर मला दुबईचं हवामान विचारलं.”

“मग काय सांगितलंत?”

“उष्ण असतं म्हणालो.”

वहिनीला हसू आवरेना. तिनं तोंडाला पदर लावला आणि मग सावरून विचारलं, “हा शाळेतला कार्यक्रम तुम्ही फुकट करत असाल ना?”

“नाही हो वहिनी. शाळा पैसे देते. थोडे देते, पण देते. फुकट केलं की पुढच्या वर्षी बोलवायला संकोच करतात.” मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “नकार द्यायला आलात ना? देऊन टाका. मी मामांना सांगीन की माझ्याकडूनच जमलं नाही. तुम्हाला बोल लागणार नाही.”

“मला अजून काही ठरवता येत नाहीये,” मी म्हटलं. “वेबसाईटवरच्या माणसाशी मला लग्न करायचं नाही. इथे जो होता त्याचा विचार करीन. पण दोघांचं नाव एकच आहे. जे तुम्ही केलेलं नाही, ते सगळं तिथून काढून टाका. मग काय उरतं ते बघू.”

“काही उरणार नाही.”

“खालचे फोटो उरतील.”

“ते?” त्याला खरंच नवल वाटलं. “ते तर आईसाठी टाकले होते. तिनं शिवलेलं अस्वल तिला बघायचं होतं.”

त्यानंतर तीन-चार दिवस मी क्लासमध्ये रोज साईट उघडायची. आधी सनई गेली. मग शाखा गेल्या, मग हेडफोनवाली माणसं. एक दिवस तर काहीच उघडेना, नुसतं पांढरं पान. आणि शुक्रवारी उघडली तेव्हा सगळं मिळून एकच पान होतं. वर ते धुरकट फोटो. खाली हर्षलनं स्वतः टाइप केलेलं दिसत होतं, कारण ऱ्हस्व-दीर्घ सगळं चुकलेलं; इथे मी दुरुस्त करून लिहितेय:

‘आम्ही लहान मुलांसाठी कार्यक्रम करतो. हर्षल अस्वल होतो, गिरीश आवाज सांभाळतो, आई कपडे शिवते. ऐकू न येणाऱ्या मुलांसाठीसुद्धा कार्यक्रम बसवला आहे. मोठा मंच, ऑर्केस्ट्रा, नामवंत कलाकार आमच्याकडे नाहीत. शाखा नाहीत. यावलला घर आहे.’ आणि तोच फोननंबर.

मी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना मला बॅचमधल्या मुलींकडे पाठ करून बसावं लागलं.

संध्याकाळी त्याचा फोन आला. “बघितलंत?”

“बघितलं.”

“गिरीश बोलत नाहीये माझ्याशी. म्हणतो, धंदा बंद कर आणि केळी लाव. चोपड्याच्या एका पार्टीनं लग्नातला कार्यक्रम रद्द केला. म्हणाले, तुमची कंपनी एवढी लहान आहे हे माहीत नव्हतं.”

ते काम माझ्यामुळे गेलं होतं. “वाईट वाटतंय का?” मी विचारलं.

“भीती वाटतेय. पण फोन वाजला की आता मीच उचलतो.” मग म्हणाला, “रविवारी मी तुमच्या घरी येतो. आप्पांना सगळं मीच सांगीन. तोपर्यंत तुम्ही काही बोलू नका. ते माझं काम आहे.”

मी कबूल केलं. पानं लॅमिनेट झाल्यापासून आप्पांचं सायबर कॅफेत जाणं थांबलं होतं, पण नेमके शनिवारी ते गेले. वरणगावच्या काकांसाठी त्यांना आणखी एक प्रत हवी होती.

परत आले ते थेट खुर्चीत बसले. वहिनीनं पाणी दिलं, ते त्यांनी तसंच हातात धरून ठेवलं.

“काय झालं आप्पा?”

“कंपनी बुडाली,” ते म्हणाले.

“कोणती?”

“कोणती म्हणजे. चारही शाखा गेल्या. दुबई गेली. एक पान राहिलंय, त्यावर अस्वल आहे.” त्यांनी ग्लास खाली ठेवला. “मामांना फोन लाव. नाही म्हणून कळवू. बरं झालं, आधी कळलं.”

“कंपनी बुडालेली नाही,” मी म्हटलं. “ती एवढीच होती. बाकीचं काढून टाकायला मीच सांगितलं.”

मग मला सगळं सांगावंच लागलं. फोन, सावदा, चहाची टपरी. ब्लाउजचं निमित्त ऐकून त्यांनी वहिनीकडे एकदा बघितलं, तिनं भिंतीकडे बघितलं. आप्पा रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत, आणि त्यानंच मला जास्त कसंतरी झालं.

“चार वर्षं मी लोकांच्या लग्नांना जातोय,” ते हळू आवाजात म्हणाले. “प्रत्येक जण विचारतो, वैजूचं कुठवर आलं. मी ताटाकडे बघून जेवतो. या वेळी मला दाखवायला काहीतरी होतं ग. लोक पानं हातात घेऊन बघायचे.” थोडं थांबून म्हणाले, “त्या फोटोतले लोक नंदुरबारचे नाहीत, हे मलाही दिसत होतं. मी काय आंधळा आहे?”

“आप्पा,” मी म्हटलं, “तुम्ही त्या साईटवर इतके दिवस विश्वास ठेवलात. आता खरी झाल्यावर एकदा तपासून तरी बघा. खाली नंबर आहे.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. वहिनीनं तिचा मोबाइल पुढे केला. तिचा नंबर हर्षलकडे नव्हता. आप्पांना शेडमधल्या आवाजानं कमी ऐकू यायचं, म्हणून तिनं स्पीकर लावून दिला.

“हॅलो,” हर्षलचा आवाज आला.

आप्पा खुर्चीत ताठ झाले. “मी जामनेरहून पाटील बोलतोय. आमच्याकडे लग्न आहे. हजार-दोन हजार माणूस. मोठा ऑर्केस्ट्रा पाहिजे, नामवंत गायक पाहिजे.”

“ते आमच्याकडून होणार नाही काका. जळगावला एक जण चांगलं करतात, त्यांचा नंबर देऊ का?”

“अहो, एवढं मोठं काम घरी चालून आलंय आणि तुम्ही दुसऱ्याचा नंबर देता?”

“आम्ही घेतलं तर तुमचा कार्यक्रम बिघडेल. तुमच्या घरचं लग्न आहे.”

“मग तुम्ही करता काय?”

“लग्नात लहान मुलं कंटाळतात ना, त्यांना दोन-तीन तास गुंतवून ठेवतो. मोठी माणसं निवांत जेवतात. ते पाहिजे असेल तर येतो. तारीख कुठली?”

“माघातली.”

“माघ असेल तर जरा लवकर सांगा. त्याच सुमारास माझंही लग्न असेल कदाचित.”

“कदाचित म्हणजे?”

“म्हणजे मुलीनं अजून हो म्हटलेलं नाही.”

“मुलगी कशी आहे?” आप्पांनी विचारलं, आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

“कडक आहे,” हर्षल म्हणाला. “माझी सगळी कंपनी पुसायला लावली तिनं. पण काका, पुसल्यावर मला झोप यायला लागली. मुलीच्या वडिलांची मात्र धास्ती आहे. त्यांना माझी दुबईत शाखा आहे असं वाटतं. उद्या जाणार आहे त्यांच्याकडे. सगळं खरं सांगणार आहे. मग ते काय म्हणतील ते म्हणतील.”

“किती वाजता येणार?” आप्पांनी विचारलं.

पलीकडे मशीनचा आवाज येत होता, तो थांबला.

“काका,” हर्षल सावकाश म्हणाला, “तुम्ही जामनेरहून बोलताय ना?”

आप्पांनी वहिनीकडे बघितलं, मग माझ्याकडे. “नाही,” ते म्हणाले. “भुसावळहून. मुलीचा बाप बोलतोय.”

“जेवायलाच या,” आप्पा म्हणाले. “आईंनाही घेऊन या.” आणि फोन बंद कसा करायचा ते न कळून तो त्यांनी वहिनीच्या हातात दिला.

आमच्या लग्नाला आता बरीच वर्षं झाली. पहिले दोन मोसम वाईट गेले. माझ्या क्लासच्या पगारावर घर चाललं, गिरीश मध्येच रुसून पुण्याला जाऊन परत आला. आता आमच्याकडे सात-आठ माणसं आहेत आणि साईटही मोठी झालीये, पण झालेल्या कार्यक्रमाशिवाय काही त्यावर चढत नाही. ते काम माझ्याकडे आहे. दुबईला आम्ही अजून गेलेलो नाही. पण लग्न कसं जमलं असं कोणी विचारलं, की मला त्या शनिवारचं शेवटचंच आठवतं.

फोन ठेवून पाच मिनिटंही झाली नसतील, माझा मोबाइल वाजला. मी तो घेऊन गॅलरीत गेले.

“वैजयंती,” हर्षल म्हणाला, “आत्ता खरंच तुमचे वडील होते?”

“हो.”

“मी काय काय बोललो?”

“सगळं स्पीकरवर होतं.”

आतून आप्पा वहिनीला सांगत होते की बाजारातून बामणोदची मोठी वांगी आण, पाहुण्यांना भरीत खाऊ घालू. आमच्याकडे थंडीत कोणाला मान द्यायचा तर भरीतच करतात. “उद्या भरीत आहे,” मी म्हटलं. “चालेल ना?”

“खरं सांगू का?” तो म्हणाला. “मला वांगं आवडत नाही.”

मी आत गेले. आप्पा चष्मा पुसत बसले होते. “काय म्हणतो?” त्यांनी विचारलं.

“म्हणतो, वांगं आवडत नाही.”

आप्पांनी चष्मा लावला, काढला, परत लावला. मग वहिनीला हाक मारून म्हणाले, “भरीत राहू दे. वरणबट्टी कर.” आणि ती आत गेल्यावर माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “एवढं एक खोटं बोलला असता तर चाललं असतं.”